ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर पडदा काळाच राहतो तेव्हा

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या सुमारास अनेक घरांतल्या, शाळांतल्या आणि छोट्या कार्यालयांतल्या संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचे काम सुरू झाले. कोणी विंडोज ११ घेतले, तर ज्यांच्या जुन्या यंत्रांना ते चालत नव्हते त्यांपैकी काहींनी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली बसवली. या बदलानंतर ओळखीच्या लोकांकडून जी तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली ती अशी, की अपग्रेड शेवटपर्यंत नीट झाले, संगणक पुन्हा सुरू झाला, सुरुवातीचे बोधचिन्ह दिसले आणि त्यानंतर पडदा जो काळा झाला तो काळाच राहिला. असा संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेला की बहुधा एकच उत्तर मिळते: "फॉरमॅट मारावा लागेल."

हे उत्तर मला फार अस्वस्थ करते. फॉरमॅट मारल्यावर मुलांची छायाचित्रे जातात, दुकानाचा हिशेब जातो, आणि डीटीपीचे काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेल्या पुस्तकांच्या आणि पत्रिकांच्या फाइली कायमच्या जातात. बोधचिन्ह दिसल्यानंतर काळ्या झालेल्या पडद्यामागे बहुतेक वेळा संगणक व्यवस्थित चालू असतो, डिस्कवरील सर्व मजकूर जागच्या जागी असतो आणि फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोहोचत नसते. ते नेमके कोठे अडले आहे हे ठरवणे शांतपणे विचार करणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे आहे, म्हणून हा लेख तपशिलात लिहीत आहे.

संगणकाचे बटण दाबल्यावर पडद्यावर जे पहिले चित्र येते त्याचा ऑपरेटिंग सिस्टीमशी काहीही संबंध नसतो. ते मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे त्यातच कायम साठवलेली छोटी प्रणाली, काढते, आणि त्यासाठी ते ग्राफिक्स कार्डाचा अगदी साधा, सर्वत्र चालणारा प्रकार वापरते. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा बूट लोडर येतो, तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्मृतीत चढवतो, आणि कर्नल सुरुवातीला फर्मवेअरने तयार करून ठेवलेल्या त्याच साध्या चित्रावर काम भागवतो. मग कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कार्यक्रम, जागा होतो. तो कार्ड स्वतःच्या ताब्यात घेतो, मॉनिटरला त्याच्या क्षमता विचारतो, आणि मॉनिटरने दिलेल्या उत्तरावरून पडद्याचे रिझोल्यूशन आणि ताजेतवाने होण्याचा वेग (रिफ्रेश रेट) ठरवून चित्र नव्याने सुरू करतो. मॉनिटरचे हे उत्तर म्हणजे ईडीआयडी नावाची माहितीची छोटी नोंद असते. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की कर्नल बदलतो, ड्रायव्हर बदलतो, आणि म्हणून बिघाड नेमका या ताबा घेण्याच्या क्षणी होतो.

यावरून पहिला आणि सर्वांत उपयोगी प्रश्न निघतो तो असा, की चित्र शेवटचे केव्हा दिसले? बटण दाबल्यापासून काहीच दिसले नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टीमला दोष देण्यात अर्थ नाही; केबल, मॉनिटर, रॅम किंवा कार्ड पाहावे लागेल. बोधचिन्ह दिसून नंतर काळोख झाला असेल, तर केबल आणि मॉनिटर बहुतांशी निर्दोष आहेत आणि संशय ड्रायव्हरवर जातो. लॉगिनचा पडदा आला, पासवर्ड घातला आणि मग काळे झाले, किंवा काळ्या पडद्यावर माउसचा बाण तेवढा हलतो आहे, तर ड्रायव्हरसुद्धा चालू आहे आणि बिघाड त्यावरच्या डेस्कटॉपच्या थरात आहे. एवढे ठरले तरी निम्मे काम झाले असे मी मानतो, कारण पुढचे सर्व उपाय या उत्तरावर अवलंबून आहेत.

काही करण्याआधी थोडे थांबावे. मोठ्या अपग्रेडनंतरची पहिली सुरुवात हळू असते, आणि यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती फारच हळू असते. ग्राफिक्स ड्रायव्हर बसवला जात असताना पडदा मध्येच काही वेळ काळा होणे हेही स्वाभाविक आहे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत बटण दाबून वीज तोडू नये. दिवा शांत झाला आणि पडदा तरीही काळा असेल, तर कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे आणि कळफलकाचे ऐकतो आहे. माझ्या दृष्टीने या एका दिव्याचे मोल मोठे आहे, कारण तो लागला की माणसाची घबराट कमी होते.

केबलबद्दल थोडक्यात सांगतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली आहे की मदरबोर्डला, हे मागे वाकून प्रत्यक्ष पाहावे. जुनी सिस्टीम दोन्हीकडे चित्र पाठवत असेल आणि नवी एकीकडेच पाठवत असेल, असे होऊ शकते. जुन्या व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना मॉनिटरची माहिती नेतात. त्यांतली एखादी वाकली किंवा तुटली असेल तर चित्राचे रंग ठीक दिसतात, मात्र नव्या ड्रायव्हरला मॉनिटरची ओळख पटत नाही. मॉनिटरवर येणारा संदेशही नीट वाचावा. "नो सिग्नल" म्हणजे काहीच पोहोचत नाही. "आउट ऑफ रेंज" म्हणजे चित्र पोहोचते आहे, पण मॉनिटरला न झेपणाऱ्या वेगाने किंवा रिझोल्यूशनने. दुसऱ्या प्रकारात घरातला टीव्ही एचडीएमआयने जोडून पाहिला की बऱ्याचदा डेस्कटॉप टीव्हीवर दिसतो आणि तेथूनच रिझोल्यूशन कमी करता येते. लॅपटॉप असेल तर अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अक्षरे पुसट दिसली तर चित्र आहे, फक्त मागचा प्रकाश बंद आहे, आणि तेव्हा प्रकाश वाढवण्याच्या कळांपासून शोध सुरू करावा.

आता लिनक्सकडे वळतो, कारण तेथे हा बिघाड सर्वांत स्पष्टपणे समजून घेता येतो. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीतून २४.०४ मध्ये जाणे हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पहिली एप्रिल २०२२ मध्ये ५.१५ कर्नलसह आली आणि दुसरी एप्रिल २०२४ मध्ये ६.८ कर्नलसह. लिनक्सच्या कर्नलमधील अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलत असते आणि ती बदलणार नाही असे आश्वासन कोणी दिलेले नाही. जे ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडबरोबरच वाढतात, म्हणजे इंटेल आणि एएमडीचे नेहमीचे ड्रायव्हर किंवा एनव्हिडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी लिहिलेला नुव्हो, त्यांच्यात हे बदल बरोबरच केले जातात. बाहेरून येणारा ड्रायव्हर मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्या यंत्रावर पुन्हा संकलित (कंपाइल) करावा लागतो, आणि तो जुना असेल तर ते संकलनच अयशस्वी होते.

एनव्हिडियाच्या कार्डांच्या बाबतीत कार्डाची पिढी माहीत असणे फार महत्त्वाचे आहे. फर्मी पिढीसाठी ड्रायव्हरची शेवटची शाखा ३९० होती आणि तिचा आधार २०२२ च्या अखेरीस संपला; केप्लर पिढीसाठी शेवटची शाखा ४७० आहे. केवळ खोक्यावरचे नाव वाचून पिढी कळत नाही, कारण जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन्ही पिढ्यांची कार्डे विकली गेली आहेत. त्यामुळे नाव ठाऊक आहे म्हणून ड्रायव्हर निवडण्याची घाई करू नये. टर्मिनलमध्ये पीसीआय उपकरणांची यादी काढणारी "एलएसपीसीआय" (lspci) ही आज्ञा चिपचे सांकेतिक नाव सांगते आणि त्यावरून पिढी निश्चित करावी. जीएफ (GF) ने सुरू होणारे नाव फर्मीचे आणि जीके (GK) ने सुरू होणारे केप्लरचे.

आता काळ्या पडद्याचे सर्वांत फसवे कारण पाहू. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना नुव्होवर बंदी घालणारी एक ओळ एका छोट्या फाइलीत लिहिली जाते, कारण दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगू शकत नाहीत. अपग्रेडनंतर जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर संकलित झाला नाही, तरी ती बंदीची ओळ तशीच राहू शकते. मग एक ड्रायव्हर चढू शकत नाही आणि दुसऱ्याला चढण्याची परवानगी नाही, असे होते. यंत्र पूर्ण सुरू होते, नेटवर्कला जोडले जाते, लॉगिनचा स्वागतध्वनीही कधीकधी ऐकू येतो, पण दाखवायला कोणीच नसते. अशा यंत्राला बिघडलेले म्हणणे मला पटत नाही.

बाहेर पडण्याचा मार्ग बूट लोडरमधून जातो. संगणक सुरू होताना यूईएफआय (नव्या प्रकारच्या फर्मवेअरच्या) यंत्रावर एस्केप आणि जुन्या बायॉस यंत्रावर शिफ्ट दाबली की ग्रब या उबुंटूच्या बूट लोडरची यादी येते. उबुंटूची ओळ निवडून ई (e) दाबावा, उघडणाऱ्या मजकुरात "लिनक्स" (linux) या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधावी, आणि तिच्या शेवटी असलेल्या "क्वाएट स्प्लॅश" (quiet splash) या शब्दांपुढे एक जागा सोडून "नोमोडसेट" (nomodeset) हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहावा. मग एफ १० किंवा कंट्रोल आणि एक्स दाबून यंत्र सुरू करावे. या शब्दाने कर्नलला सांगितले जाते, की पडद्याचे रिझोल्यूशन स्वतः ठरवू नकोस, फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावरच काम कर. डेस्कटॉप मोठमोठ्या अक्षरांत आणि संथपणे उघडेल, पण उघडेल. हा बदल त्या एका सुरुवातीपुरताच टिकतो. अनेक ठिकाणी हा शब्द कायमचा लिहून ठेवण्याचा सल्ला दिला जातो, तो मी कधीही देणार नाही. त्यामुळे कार्डाची शक्ती वाया जाते, चित्रफिती अडखळतात आणि मूळ दोष झाकला जातो.

त्याच यादीत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" हा दुसरा दरवाजा आहे. तेथे जुना कर्नल शिल्लक असेल तर तो निवडून पाहावा. जुन्या कर्नलवर चित्र आले आणि नव्यावर आले नाही, तर दोष ड्रायव्हर आणि कर्नल यांच्या जुळणीत आहे यात शंका राहत नाही. तिथला रिकव्हरी पर्यायही उपयोगी पडतो, कारण त्यात नोमोडसेट आधीच लावलेला असतो. आणि बोधचिन्हानंतर पडदा काळा झाला तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकत्र दाबल्यावर पांढऱ्या अक्षरांचा साधा टर्मिनल आला, तर तेथून सर्व दुरुस्ती करता येते.

आत शिरल्यावर अंदाज बांधण्यापेक्षा नोंदी वाचाव्यात. "जर्नलसीटीएल" (journalctl) या आज्ञेला मागच्या सुरुवातीच्या नोंदी मागता येतात, म्हणजे नेमक्या त्या फसलेल्या वेळच्या. त्यात ड्रायव्हरचे नाव शोधावे. बाहेरचे ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी संकलित करणाऱ्या "डीकेएमएस" (dkms) ची स्थिती विचारली की कोणता ड्रायव्हर कोणत्या कर्नलसाठी संकलित झाला आहे हे कळते. नव्या कर्नलचा क्रमांक त्यात नसेल तर कारण हाती आले. मग "उबुंटू-ड्रायव्हर्स" (ubuntu-drivers) या साधनाने त्या कार्डासाठी सुचवलेला ड्रायव्हर बसवावा. कार्ड फार जुने असेल आणि कोणतीच शाखा सुचवली जात नसेल, तर एनव्हिडियाची सर्व पॅकेजे पूर्णपणे काढून टाकावीत, नुव्होवरची बंदी कोठे उरली आहे का ते मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) निर्देशिकांत पाहावे, सुरुवातीची रॅमडिस्क, म्हणजे कर्नलबरोबर स्मृतीत चढणारा फाइलींचा संच, नव्याने तयार करावी आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. कार्यालयीन कामाला, वाचायला आणि साध्या वापराला नुव्हो पुरतो.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले कार्यक्रम सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू असलेल्या यंत्रांत आणखी एक अडसर येतो. यंत्रावर संकलित झालेल्या ड्रायव्हरवर त्याच यंत्राच्या किल्लीची सही असते, आणि ती किल्ली फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी अपग्रेडच्या वेळी एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येऊन तो पुन्हा मागितला जातो. हा निळा पडदा थोड्याच सेकंदांत आपोआप निघून जातो. त्या वेळी माणूस चहाला गेलेला असला तर किल्ली नोंदली जात नाही, कर्नल ड्रायव्हर नाकारतो आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी सर्व पॅकेजे बरोबर बसलेली दिसतात, म्हणून शोध भलतीकडेच जातो. "मॉकयूटिल" (mokutil) या साधनाने किल्ली पुन्हा नोंदणीला पाठवता येते. मात्र पुढच्या सुरुवातीला पडद्यासमोर बसून राहावे.

डेस्कटॉपच्या थरातला दोष असेल, म्हणजे बाण दिसतो पण बाकी काही नाही, तर आधी डिस्कवर जागा उरली आहे का हे पाहावे. अपग्रेडमध्ये डिस्क काठोकाठ भरली तर लॉगिनचा कार्यक्रमच सुरू होऊ शकत नाही, आणि हे कारण लोकांच्या लक्षात येत नाही कारण त्याचा चित्राशी संबंध वाटत नाही. जागा असेल तर उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिनच्या पडद्यावरील दातेरी चक्रातून वेलँड या चित्र दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेऐवजी एक्स ऑर्ग ही जुनी व्यवस्था निवडून पाहावे.

यंत्र अगदीच गोठले आणि बंद करणे भागच पडले, तरी बटण दाबून धरण्याआधी एक उपाय आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून क्रमाने एस, यू आणि बी दाबल्यास उबुंटू स्मृतीतला मजकूर डिस्कवर लिहितो, डिस्क केवळ वाचनापुरती करतो आणि यंत्र पुन्हा सुरू करतो. दोन कळांमध्ये काही सेकंद थांबावे.

विंडोजमध्ये मार्ग वेगळा, पण तर्क तोच आहे. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबाव्यात. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, आणि बारीक आवाज आला तर विंडोज जिवंत आहे हेही कळते. मग विंडोज आणि पी दाबून, पडदा दुसऱ्याच एखाद्या न जोडलेल्या मॉनिटरकडे तर पाठवला जात नाही ना, हे तपासावे. पूर्वी प्रोजेक्टर लावलेल्या यंत्रांत हे कारण मला आढळले आहे. याने भागले नाही, तर सुरू होताना बोधचिन्ह दिसताच यंत्र बंद करणे असे सलग दोन-तीन वेळा केल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तो दिसला याचा अर्थ कार्ड, केबल आणि मॉनिटर सर्व ठीक आहेत, कारण तो पडदा कार्डाचा खरा ड्रायव्हर वापरतच नाही. तेथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन चौथा पर्याय, म्हणजे सेफ मोड, निवडावा. आत डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हर काढावा किंवा मागच्या आवृत्तीवर न्यावा, आणि लॅपटॉप असेल तर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेला ड्रायव्हर बसवावा. विंडोज ११ वर आल्यानंतर १० दिवसांच्या आत जुन्या विंडोजवर परतण्याची सोयही असते, आणि त्यात आपल्या फाइली राहतात.

या वाटेवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय, मध्ये येऊ शकतो. अनेक लॅपटॉपवर डिस्कचे कूटलेखन मालकाला न कळता चालू असते, आणि दुरुस्तीच्या पडद्यातून आत जाताना किंवा सिक्युअर बूट बंद केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि फोनवरून पाहता येते. ती मिळेपर्यंत फर्मवेअरमधील कोणतीही गोष्ट बदलू नये. ही की हरवली तर डिस्क शाबूत असूनही मजकूर परत मिळत नाही.

हे सर्व करून उपयोग झाला नाही आणि सिस्टीम नव्याने बसवण्याची वेळ आलीच, तर आधी मजकूर बाहेर काढावा. पेनड्राइव्हवर उबुंटू तयार करून त्यावरूनच यंत्र सुरू करता येते. डिस्कवर काहीही न बसवता "ट्राय उबुंटू" निवडले की जुन्या डिस्कचे फोल्डर उघडतात, आणि तेथून सर्व काही बाहेरच्या डिस्कवर उतरवता येते. पेनड्राइव्हवरूनही पडदा काळा राहिला, तर तिथल्या यादीतला सेफ ग्राफिक्सचा पर्याय निवडावा. दुकानात यंत्र द्यायचेच असेल, तर डिस्कवरचा मजकूर आधी काढून द्या असे स्पष्ट सांगावे, ते लिहून घ्यावे, आणि "डी ड्राइव्हला हात लावणार नाही" एवढ्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. छायाचित्रे आणि कागदपत्रे पुष्कळ वेळा सी ड्राइव्हवरील डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स या फोल्डरांतच असतात.

पुढच्या अपग्रेडच्या आदल्या दिवशी करण्याजोगी कामे थोडी आहेत. ग्राफिक्स कार्डाची पिढी पाहून नव्या आवृत्तीत तिच्यासाठी ड्रायव्हर आहे का ते तपासावे. उबुंटूच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरून पुढच्या तशाच आवृत्तीवर जाण्याचे आमंत्रण तिच्या पहिल्या सुधारित प्रकाशनानंतरच येते, ते येईपर्यंत थांबावे. एक चालू पेनड्राइव्ह तयार ठेवावा आणि त्यावरून यंत्र खरोखर सुरू होते का हे तेव्हाच करून पाहावे. बिटलॉकरची की आणि बूट यादी उघडण्याची कळ कागदावर लिहून ती चिठ्ठी संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवावी.